न्यूट्रॉन वाढवायचे तर नुसते प्रोटॉन वाढवून का भागत नाही?

भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: अमेरिकेत ओक रिजला ‘स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्स’ आहे, म्हणजे प्रोटॉन जड धातूवर आदळवून प्रयोगांसाठी न्यूट्रॉन काढणारं यंत्र. त्याच्या ॲक्सिलरेटरची, म्हणजे प्रोटॉनना वेग देणाऱ्या भागाची, क्षमता १.४ मेगावॅटवरून २.८ मेगावॅटवर नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. बीमची, म्हणजे कणांच्या झोताची, शक्ती म्हणजे ऊर्जा गुणिले करंट. मग आयन सोर्समधून, म्हणजे जिथे हे कण तयार होतात तिथून, दुप्पट करंट काढला की झालं, त्यासाठी वर्षानुवर्षं आणि एवढी यंत्रसामग्री कशाला लागते? आणि न्यूट्रॉन दुप्पट झाले की प्रयोग निम्म्या वेळात होतात का?

उच्च शक्तीच्या प्रोटॉन ॲक्सिलरेटरचा बीम जुळवणं आणि त्यातला लॉस, म्हणजे वाटेत सांडणारे कण, कमी करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. टार्गेट (प्रोटॉन ज्यावर आदळतात तो धातू) आणि मॉडरेटर (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा भाग) यांवर काम करणारे लोक याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या टोकापासून सुरू करतील, आणि तेही बरोबरच असेल.

प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे: शक्ती वाढवणं अवघड असतं ते पुरेसे प्रोटॉन मिळत नाहीत म्हणून. तसं क्वचितच असतं. सोर्समधून जास्त करंट काढणं ही तुलनेने सोपी गोष्ट आहे. खरी अडचण आहे ती वाढलेला बीम वाटेत न सांडता टार्गेटपर्यंत नेण्याची, आणि तिथे टार्गेट टिकवण्याची. शक्ती दुप्पट करायची, पण वाटेत होणारं नुकसान अजिबात वाढू द्यायचं नाही, असा हा प्रश्न आहे. हे एकदा ध्यानात आलं की बाकीची यंत्रसामग्री कशासाठी लागते ते आपोआप उलगडत जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. साधारण १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन पारा, टंगस्टन किंवा शिसं अशा जड अणुकेंद्रावर आदळला की केंद्रातून न्यूट्रॉन उडतात, उरलेलं तापलेलं केंद्र आणखी न्यूट्रॉन बाहेर टाकतं, आणि जाड टार्गेटमध्ये एका प्रोटॉनमागे वीस-पंचवीस न्यूट्रॉन मिळतात. अणुभट्टीच्या तुलनेत दर न्यूट्रॉनमागे निर्माण होणारी उष्णता बरीच कमी असते. काहीशे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे न्यूट्रॉनची संख्या ढोबळमानाने ऊर्जेच्या प्रमाणात वाढते. म्हणून प्रोटॉन ३० टक्के वाढवले काय किंवा प्रत्येकाची ऊर्जा ३० टक्के वाढवली काय, न्यूट्रॉनच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. ॲक्सिलरेटरच्या हिशेबात मात्र या दोन वाटांमध्ये फार मोठा फरक आहे.

ओक रिजला दोन्ही वाटा एकत्र घेतल्या. मूळ यंत्रात ऋणभारित हायड्रोजन आयन, म्हणजे एक प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन, एका सरळ ॲक्सिलरेटरमधून १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेले जातात. सुमारे १ मिलिसेकंद लांबीची ही पल्स मग २४८ मीटर परिघाच्या रिंगमध्ये हजारेक फेऱ्यांत एकावर एक रचली जाते. शेवटी सगळे प्रोटॉन मायक्रोसेकंदापेक्षा कमी वेळात एकदम बाहेर काढून पाऱ्यावर सोडले जातात. हे सेकंदाला ६० वेळा घडतं. १.४ मेगावॅटला एका पल्समध्ये साधारण १.५ × १०^१४ प्रोटॉन आणि २३ किलोज्यूल ऊर्जा असते. नव्या आराखड्यात ऊर्जा १.३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर न्यायची आणि पल्समधले प्रोटॉन साधारण दीडपट करायचे. १.३ गुणिले १.५४ म्हणजे २. दुप्पट हिशेब असा येतो.

आता ऊर्जेच्या मागे का लागायचं? नुसता करंटच दुप्पट का नाही करायचा? इथे खरं भौतिकशास्त्र आहे, म्हणून जरा थांबतो.

रिंगमध्ये कोंबलेले प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. याला आम्ही स्पेस चार्ज म्हणतो. या ढकलण्यामुळे फोकस करणाऱ्या चुंबकांचा परिणाम काही अंशी पुसला जातो आणि कणांची आडव्या दिशेतली कंपनसंख्या खाली सरकते. ती फार सरकली की एखाद्या रेझोनन्सवर, म्हणजे हेलकावे वाढतच जातात अशा कंपनसंख्येवर, जाऊन बसते, बीमभोवती विरळ कणांचं प्रभामंडळ तयार होतं आणि त्यातले कण भिंतीला लागतात. पण वेग प्रकाशाच्या जवळ जाऊ लागला की बीमचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र या विद्युत ढकलण्याला विरोध करतं, शिवाय कण जड झाल्यासारखे वागतात. बीमचा आकार तोच ठेवला तर हा परिणाम प्रोटॉनची संख्या भागिले बीटा वर्ग गुणिले गॅमा घन, या प्रमाणात बदलतो (बीटा म्हणजे कणाचा वेग भागिले प्रकाशाचा वेग, गॅमा म्हणजे कणाची एकूण ऊर्जा भागिले स्थिर ऊर्जा). १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला गॅमा २.०७ आणि बीटा ०.८७५ येतो, १.३ ला गॅमा २.३९ आणि बीटा ०.९०८. आकडे घालून पाहा: बीटा वर्ग गॅमा घन ६.७५ वरून ११.२ वर जातो, म्हणजे १.६६ पट. प्रोटॉन वाढवायचे होते १.५४ पट. म्हणजे ऊर्जा ३० टक्के वाढवल्यामुळे दीडपट प्रोटॉन भरूनही रिंगला स्पेस चार्ज पूर्वीइतकाच, किंबहुना किंचित कमीच जाणवतो. तुमच्या प्रश्नातला ‘नुसता करंट दुप्पट’ हा पर्याय घेतला असता तर स्पेस चार्जही दुप्पट झाला असता, आणि त्या रिंगमधून तो बीम स्वच्छपणे काढणं फार कठीण झालं असतं.

हाच विचार जपानच्या जे-पार्क या प्रोटॉन ॲक्सिलरेटर केंद्रात दिसतो. तिथे रॅपिड सायक्लिंग सिंक्रोट्रॉन, म्हणजे कण फिरवता फिरवता त्यांची ऊर्जा वाढवणारी रिंग, त्यांना ३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतो, पण अडचण येते ती कण आत घेताना, कारण तेव्हा ते सर्वांत सावकाश असतात. म्हणून २०१३मध्ये आधीच्या सरळ ॲक्सिलरेटरची ऊर्जा १८१ वरून ४०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट केली गेली. अंतिम ऊर्जा तीच राहिली, पण स्पेस चार्जच्या हिशेबाने सिंक्रोट्रॉनमध्ये जवळजवळ तिप्पट कण भरायला जागा झाली. चीनमध्ये डोंगग्वानच्या स्पॅलेशन यंत्राचा विस्तारही त्याच दिशेने चालला आहे: तिथे इंजेक्शनची, म्हणजे कण रिंगमध्ये आत घेतानाची, ऊर्जा ८० वरून ३०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर न्यायची योजना आहे.

मात्र रिंग हा एकच भाग झाला. माझ्या मते सगळ्या अपग्रेडचा कणा आहे तो बीम लॉस.

उच्च शक्तीच्या ॲक्सिलरेटरमध्ये एक ढोबळ मर्यादा पाळली जाते: दर मीटरला १ वॉटपेक्षा जास्त बीम भिंतीत जाऊ द्यायचा नाही. हा आकडा आला तो माणसांसाठी. सुमारे १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा बीम दर मीटरला १ वॉट या दराने १०० दिवस सांडत राहिला, मग यंत्र बंद करून ४ तास थांबलं, तर बीमपाइपपासून ३० सेंटीमीटरवर ताशी साधारण १ मिलिसीव्हर्ट डोस मिळतो. एवढ्या ठिकाणी माणूस जाऊन, वेळ मोजून, पंप किंवा गॅस्केट बदलू शकतो. याच्या दहापट झालं की प्रत्येक किरकोळ दुरुस्तीसाठी आठवडाभर थांबावं लागतं किंवा रोबोट वापरावा लागतो, आणि मग ते यंत्र प्रयोगांसाठी चालवणं अशक्य होतं.

आता हे प्रमाण पाहा. १.४ मेगावॅटच्या बीममध्ये १ वॉट म्हणजे १४ लाखांतला एक प्रोटॉन. शक्ती २.८ मेगावॅट केली तर मर्यादा तीच राहते, कारण माणसाचं शरीर तेच आहे. म्हणजे २८ लाखांत एक. बीम दुप्पट आणि सांडण्याचं प्रमाण निम्मं. संगणकावरचं सिम्युलेशन या पातळीवर बऱ्याचदा अपुरं पडतं, कारण बीमच्या सगळ्यात बाहेरच्या विरळ भागात काय घडतं त्यावर हा हिशेब अवलंबून असतो. म्हणूनच प्रत्यक्ष यंत्रावर बसून जुळवणी करण्याला पर्याय नाही. आम्ही टनेलभर लावलेल्या आयनायझेशन चेंबरचे (सांडलेला बीम टिपणाऱ्या उपकरणांचे) आकडे पडद्यावर ठेवतो, एकेक चुंबक आणि एकेक कॅव्हिटीची (रेडिओलहरींनी कणांना ढकलणाऱ्या पोकळीची) फेज केसभर हलवतो आणि लॉसचे खांब कुठे उतरतात, कुठे चढतात ते बघतो. बहुतेक वेळा एका ठिकाणचा लॉस कमी होतो आणि पन्नास मीटर पुढे दुसरा वर येतो. शटडाउन झालं की रेडिएशन सुरक्षेची माणसं मीटर घेऊन आत जातात. त्यांच्या नोंदींमध्ये एखादा फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, शेजाऱ्यांपेक्षा चांगलाच ‘गरम’, म्हणजे जास्त किरणोत्सारी, निघाला, तर तिथे पाइप किंवा चुंबक जागेवरून सरकला आहे का, हे आम्ही सर्वात आधी तपासतो. शक्ती वाढवण्याचा निर्णय पुष्कळदा या सर्व्हेच्या कागदावर होतो.

या संदर्भात ओक रिजचाच एक किस्सा सांगण्यासारखा आहे. तिथल्या सुपरकंडक्टिंग भागात हिशेबात नसलेला लॉस दिसत होता. नेहमीचा विचार असा की बीम आवळून ठेवला तर भिंतीला कमी लागेल. पण चालवणाऱ्यांना अनुभव आला तो उलटा: फोकस करणारी क्वाड्रुपोल चुंबकं ढिली केली, बीम जाडा होऊ दिला, की लॉस उतरतो. याचं कारण अमेरिकेतल्याच फर्मीलॅब या प्रयोगशाळेच्या व्हॅलेरी लेबेडेव्ह यांनी सुचवलं. ऋणभारित हायड्रोजनमधला दुसरा इलेक्ट्रॉन फार सैल बांधलेला असतो, जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्टने. बीम आवळला की आयन आपसात जास्त आदळतात, तो इलेक्ट्रॉन निघून जातो, उरतो तो तटस्थ अणू. त्याच्यावर कुठल्याच चुंबकाचा किंवा कॅव्हिटीचा जोर चालत नाही आणि तो सरळ भिंतीत जातो. हे पडताळायला त्यांनी सुरुवातीलाच एक पातळ फॉइल लावून आयनांचे प्रोटॉन केले आणि तेच त्याच ॲक्सिलरेटरमधून चालवले. प्रोटॉनला काढायला इलेक्ट्रॉनच नाही, त्यामुळे लॉस एकदम खाली आला. २०१२मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण करंट वाढवला की आयनांची दाटी वाढते आणि हा लॉस दाटीसोबत वाढतो. म्हणजे अपग्रेडच्या आधी हे कळलं नसतं तर नवा करंट घालताना लोक चुकीच्या दिशेने चुंबकं फिरवत बसले असते.

मग ऋणभारित आयन वापरायचेच कशाला? सरळ प्रोटॉनच का नाही? कारण रिंगमध्ये आधीच फिरणाऱ्या प्रोटॉनच्या जागी नवे प्रोटॉन चुंबकाने आणून बसवता येत नाहीत. लिउविलच्या प्रमेयाने ती वाट बंद केली आहे: नुसत्या चुंबकांनी एकाच जागी, एकाच वेगाच्या कणांची दाटी वाढवता येत नाही. पण ऋणभारित आयन आणि धनभारित प्रोटॉन एकाच चुंबकात विरुद्ध दिशांनी वळतात. दोघांना एका रेषेवर आणायचं, एका फॉइलमधून सोडायचं, आयनाचे दोन्ही इलेक्ट्रॉन तिथे निघतात आणि नवा प्रोटॉन जुन्यांमध्ये मिसळतो. ही फॉइल नॅनोक्रिस्टलाइन हिऱ्याची असते, जाडी मायक्रोमीटरच्या आसपास. ती अशी कडेला धरलेली असते की फिरणारे प्रोटॉन तिच्यातून शक्यतो कमी वेळा जावेत, तरी ती बीमच्या उष्णतेने लालभडक होऊन उजळते. कॅमेऱ्यात तो ठिपका स्पष्ट दिसतो. दीडपट बीममध्ये ही फॉइल किती टिकेल, हा नेहमीचा घोर. फॉइलऐवजी लेझरने इलेक्ट्रॉन काढण्याचे प्रयोग ओक रिजलाच झाले आहेत आणि तत्त्व म्हणून ते यशस्वी आहेत, पण रोजच्या वापरासाठी अजून वाट पाहावी लागेल.

ऊर्जा वाढवण्याचा एक तोटाही इथेच दिसतो. जास्त वेगाच्या आयनाला चुंबकीय क्षेत्र हे स्वतःच्या चौकटीत जोरदार विद्युत क्षेत्रासारखं जाणवतं, आणि तो सैल इलेक्ट्रॉन फॉइलपर्यंत पोचायच्या आधीच निघू शकतो. त्यामुळे वळणाची चुंबकं ऊर्जेच्या प्रमाणात हवी तेवढी जोरदार करून चालत नाहीत. इंजेक्शनच्या भागातली काही चुंबकं १.३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी नव्याने बनवावी लागली ती यामुळेच.

सुपरकंडक्टिंग कॅव्हिटींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बातम्यांत सगळ्यात जास्त जागा त्यांनाच मिळते. आधी २३ क्रायोमॉड्यूलमध्ये (कॅव्हिटी थंड ठेवणाऱ्या पेट्यांमध्ये) ८१ कॅव्हिटी होत्या. आता ७ क्रायोमॉड्यूल आणि २८ कॅव्हिटींची भर पडली. मूळ टनेल बांधतानाच शेवटी मोकळी जागा राखून ठेवली होती, म्हणून हे जमलं. ही दूरदृष्टी नसती तर नवं बांधकाम आलं असतं आणि खर्चाचा आणि वेळेचा हिशेबच वेगळा झाला असता. प्रत्येक कॅव्हिटीला रेडिओलहरी पुरवणारा स्वतंत्र क्लिस्ट्रॉन, त्यांना वीज देणारे मॉड्युलेटर, २ केल्व्हिनच्या आसपास थंड ठेवणारं हेलियम, आणि जुन्या कॅव्हिटींनाही जास्त करंट ढकलायचा म्हणून जास्त आरएफ, म्हणजे रेडिओलहरींची, शक्ती. लोकांना वाटतं की कॅव्हिटी बसवली की ऊर्जा मिळाली. प्रत्यक्षात आतल्या पृष्ठभागावरचा एखादा कणही फील्ड एमिशन, म्हणजे पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटणं, सुरू करतो आणि कॅव्हिटीची मर्यादा खाली आणतो. जुन्या कॅव्हिटी टनेलमधून बाहेर न काढता, निऑन आणि थोडा ऑक्सिजन भरून आतल्या आत प्लाझ्मा पेटवायचा आणि पृष्ठभागावरचा कार्बनयुक्त मळ काढायचा, ही पद्धत तिथे विकसित झाली आणि तिच्यामुळे त्याच कॅव्हिटींमधून जास्त फील्ड मिळालं. अशा कामाची बातमी होत नाही, पण मेगावॅट त्यातूनच येतात.

आता टार्गेट. माझ्या क्षेत्राबाहेरचा भाग असला तरी शक्तीची खरी कमाल मर्यादा आज इथेच आहे.

२३ किलोज्यूल हा आकडा लहान वाटतो. पण ही ऊर्जा साधारण ०.७ मायक्रोसेकंदात येते. त्या क्षणापुरती ती ३३ गिगावॅट भरते. पारा एवढ्या झटक्यात तापतो की प्रसरण पावायला त्याला वेळच मिळत नाही. आत दाबाची लाट उठते, स्टेनलेस स्टीलच्या भांड्याच्या भिंतीवर आदळून परत फिरते, आणि मागे ताण ठेवून जाते. नळ झटक्यात बंद केल्यावर पाइपात जसा ठोका बसतो तशीच ही घटना, फक्त सेकंदाला ६० वेळा आणि महिनोन्महिने. ताणाच्या क्षणी पाऱ्यात सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि भिंतीजवळ त्या कोसळल्या की स्टीलवर खड्डे पडतात. शक्ती वाढली की हे खड्डे नुसते प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून वेगाने वाढतात. त्यात किरणोत्सर्गाने स्टील ठिसूळ होत असतं ते वेगळंच.

वापरून झालेलं टार्गेट जाड काचेच्या पलीकडे रिमोट हातांनी हाताळावं लागतं. त्याच्या पुढच्या तोंडातून होल-सॉने नाण्यासारख्या चकत्या कापून काढतात आणि खड्डे किती खोल गेले ते मोजतात. पुढच्या टार्गेटला किती शक्ती द्यायची हे त्या चकत्या सांगतात. उपाय म्हणून पाऱ्यात हेलियमचे बारीक बुडबुडे सोडतात. बुडबुडे दाबले जाऊ शकतात, त्यामुळे दाबाची लाट तिथेच बरीचशी शोषली जाते. जे-पार्कमध्ये आणि २०१७पासून ओक रिजमध्ये ही पद्धत वापरात आली आणि खड्ड्यांत मोठा फरक पडला. पण प्रश्न नेहमी खड्ड्यांचाच असतो असंही नाही: जे-पार्कमध्ये २०१५मध्ये दोनदा टार्गेटच्या पाण्याच्या कवचातून गळती झाली, आणि त्यानंतर आराखडा सुधारेपर्यंत शक्ती बरीच खाली ठेवावी लागली. ॲक्सिलरेटर जास्त शक्ती द्यायला तयार होता, टार्गेट नव्हतं.

यावरचा वेगळा मार्ग स्वीडनमध्ये लुंडच्या युरोपियन स्पॅलेशन सोर्सने घेतला. तिथे रिंगच नाही. २.८६ मिलिसेकंदांची लांब पल्स, सेकंदाला १४ वेळा, थेट टार्गेटवर जाते. आराखड्यातली शक्ती ५ मेगावॅट. ऊर्जा एवढ्या सावकाश येते की दाबाच्या लाटेचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. टार्गेट म्हणजे टंगस्टनच्या विटा भरलेलं, हेलियमने थंड केलेलं ३६ भागांचं फिरतं चाक. प्रत्येक पल्स नव्या भागावर पडते. त्या बदल्यात न्यूट्रॉनची पल्स लांब होते आणि ज्या प्रयोगांना वेळेची बारीक अचूकता लागते तिथे चॉपर, म्हणजे न्यूट्रॉन अडवणारी फिरती झडप, लावून ती कापावी लागते. कुठला मार्ग चांगला, याचं एकच उत्तर नाही. कोणते प्रयोग करायचे त्यावर ते ठरतं.

इथपर्यंत आलो की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येतं. ॲक्सिलरेटर २.८ मेगावॅटचा झाला तरी ओक रिजचं सध्याचं पारा-टार्गेट २ मेगावॅटपर्यंत घेण्यासाठी आहे. उरलेली क्षमता दुसऱ्या टार्गेट स्टेशनसाठी राखलेली आहे: ६० पैकी १५ पल्स तिकडे, ४५ इकडे. ४७ किलोज्यूलची एक पल्स धरली तर तिकडे ०.७ मेगावॅट आणि इकडे २.१ मेगावॅट होतात. म्हणजे आज चालू असलेल्या उपकरणांना दुप्पट नव्हे, तर १.४ चे २ मेगावॅट, साधारण ४३ टक्के जास्त न्यूट्रॉन मिळण्याची गोष्ट आहे. तेही एका दिवसात नाही. शक्ती टप्प्याटप्प्याने चढवली जाते. २०२३मध्ये १.७ मेगावॅट गाठले तेव्हा तोही त्या प्रकारच्या यंत्रासाठी विक्रम होता.

मोजणीची चूक न्यूट्रॉनच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होते. त्यामुळे तेवढ्याच अचूकतेसाठी वेळ ७० टक्क्यांवर येतो; किंवा वेळ तेवढाच ठेवला तर आकडे साधारण १.२ पट अचूक येतात. पण हे तेव्हाच, जेव्हा प्रयोगाला मर्यादा न्यूट्रॉनच्या संख्येची असते. प्रत्येक पल्ससोबत येणारे जलद न्यूट्रॉन आणि गॅमा किरणही तेवढेच वाढतात, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट आणि सिग्नल यांचं गुणोत्तर शक्ती वाढवून सुधारत नाही. जिथे डिटेक्टर आधीच भरलेला असतो तिथे तर त्याचे इलेक्ट्रॉनिक्स बदलल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. उलट, इवलासा नमुना, खूप दाबाखालचा नमुना, किंवा मिनिटामिनिटाला बदलणारी रासायनिक प्रक्रिया अशा प्रयोगांना ४३ टक्के हे फार मोलाचे असतात. जो बदल दोन मोजण्यांच्या मध्ये निसटून जात होता, तो आता पकडता येतो.

याच्याही पुढची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण विद्यार्थी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. टार्गेटमधून निघणारे न्यूट्रॉन मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. पदार्थातल्या अणूंची रचना आणि हालचाल बघायला मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे लागतात. मधलं काम मॉडरेटर करतो: पाणी, किंवा २० केल्व्हिनच्या आसपासचा हायड्रोजन, भोवती बेरिलियमचा परावर्तक. ज्या न्यूट्रॉनचा प्रयोगाला उपयोग होतो त्यांची संख्या मॉडरेटरचा आकार, जागा, आणि त्यातला हायड्रोजन पॅरा आहे की ऑर्थो (हायड्रोजन रेणूच्या दोन अवस्था), यावर इतकी अवलंबून असते की तिथली सुधारणा कित्येकदा मेगावॅटपेक्षा स्वस्त आणि मोठी ठरते. ब्रिटनच्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्राचं दुसरं टार्गेट स्टेशन सेकंदाला फक्त १० पल्स घेतं आणि त्याची शक्ती ओक रिजच्या तुलनेत अगदीच किरकोळ आहे, तरी लांब तरंगलांबीच्या न्यूट्रॉनसाठी ते नावाजलेलं आहे, कारण टार्गेट छोटं आणि मॉडरेटर त्याला अगदी चिकटून आहेत. त्यांनी पहिल्या स्टेशनचं अलीकडचं काम केलं तेही बीमची शक्ती न वाढवता: टार्गेट, परावर्तक आणि मॉडरेटर नव्याने मांडून. ओक रिजच्या दुसऱ्या स्टेशनचा आराखडाही याच विचाराचा आहे, फिरतं टंगस्टन आणि छोटे, अतिशय तेजस्वी मॉडरेटर. ०.७ मेगावॅट ऐकून ते दुय्यम समजू नका.

मग वर्षं कशाला लागतात? यंत्र प्रयोगांसाठी चालू ठेवूनच हे सगळं करायचं असतं. टनेलमध्ये शिरायला मिळतं ते ठरावीक शटडाउनमध्येच. शास्त्रज्ञ नमुने घेऊन दूरवरून येतात. काही नमुने आठवड्यात खराब होतात, काही प्रोटीनचे स्फटिक तयार करायला कुणीतरी महिने घालवलेले असतात. त्यांना ठरलेल्या दिवशी बीम हवा असतो. मला विचाराल तर कमी शक्तीवर बिनघोर चाललेला आठवडा हा जास्त शक्तीवर दर तासाला ट्रिप होणाऱ्या, म्हणजे बीम अचानक बंद पडणाऱ्या, आठवड्यापेक्षा कितीतरी चांगला. आणि ट्रिप निरुपद्रवी नसतात. चुकलेल्या बीमची एखादी पल्स सुपरकंडक्टिंग कॅव्हिटीच्या पृष्ठभागाला लागली तर तिची मर्यादा कायमची खाली येऊ शकते. म्हणून दोन ठिकाणचा करंट सतत ताडून पाहून, फरक दिसताच काही मायक्रोसेकंदांत बीम तोडणारी यंत्रणा लागते. शक्ती वाढवण्याआधी ती तपासून घेणं हे कॅव्हिटी बसवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

दुसऱ्या एखाद्या यंत्राबद्दल हाच प्रश्न पडला तर उत्तर बदलेल. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत ५९० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा सायक्लोट्रॉन सलग बीम देतो, पल्सच नाहीत. तिथे दाबाच्या लाटेचा आणि रिंगमध्ये रचण्याचा मुद्दाच येत नाही, पण सायक्लोट्रॉनमधून बीम बाहेर काढताना होणारा लॉस हीच सगळी मर्यादा असते. म्हणून कुठल्याही अपग्रेडची बातमी वाचताना मी आधी तीन गोष्टी शोधतो: आज त्या यंत्राला कोण अडवतंय (रिंग, लॉस की टार्गेट), वाढलेली शक्ती ऊर्जेतून येते की करंटमधून, आणि मॉडरेटरला हात लावला आहे का.

तुम्हाला यात पुढे शिकायचं असेल तर एक काम आजच करता येईल. वर दिलेला बीटा वर्ग गॅमा घन हा हिशेब जे-पार्कच्या १८१ आणि ४०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी आणि डोंगग्वानच्या ८० आणि ३०० साठी स्वतः करून पाहा. प्रोटॉनची स्थिर ऊर्जा ९३८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट धरा. डोंगग्वानचा आकडा बघून त्यांनी ८० वरून सुरुवात केलेलं यंत्र ३०० वर का न्यायचं ठरवलं ते तुमच्या लक्षात येईल. अडलात तर आकडे लिहून पाठवा, आपण पुढचं पाऊल, म्हणजे प्रत्यक्ष कंपनसंख्येतला बदल, सोबत काढू.